सालामांकात वर्षभर शिकायला जातेय : कोणते सांस्कृतिक उपक्रम घ्यावेत?

चैत्रपालवी (धागाकर्ती) | ९ जुलै

नमस्कार मंडळी,
मी पुण्यात स्पॅनिश शिकते. सप्टेंबर ते जून असं पूर्ण शैक्षणिक वर्ष स्पेनमधल्या सालामांकाला जायचं ठरलं आहे. व्हिसा आणि राहायची सोय मार्गी लागली आहे, त्याबद्दल विचारत नाही.

ज्यांच्यामार्फत जातेय त्यांनी 'सांस्कृतिक उपक्रम' म्हणून एक लांबलचक यादी पाठवली आहे. फ्लामेंकोची कार्यशाळा, पाएया (तिकडचा भाताचा प्रकार) करायला शिका, तापास म्हणजे बारमधले छोटे पदार्थ चाखायची फेरी, संग्रहालयं, तोलेदो-सेगोविया-आविलाच्या सहली, झुंजीचे बैल पाळतात त्या शेतावर एक दिवस. प्रत्येकाचे पैसे वेगळे. सगळं घेतलं तर माझा दीड महिन्याचा जेवणखर्च त्यात जातो, आणि मी कर्ज काढून चाललेय. तेव्हा पैसे कशात घालावेत, कशात नकोत, आणि पैशाशिवाय काय काय करता येतं, हे तिथे राहिलेल्यांनी सांगावं.

मनातलं सांगायचं तर भीती वेगळीच आहे. दहा महिने राहायचं आणि परदेशी मुलांच्याच घोळक्यात फिरून परत यायचं, असं होऊ नये.

ता.क. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं.

फुलपाखरू_२२ | ९ जुलै

अभिनंदन! वाचतेय. माझ्या बहिणीलाही उपयोग होईल.

तोर्मेसकाठ | ९ जुलै

अगं, सालामांका! धाग्याचं नाव वाचूनच छातीत काहीतरी हललं. मी २०१६-१७ मध्ये तिथे होते. सविस्तर लिहिते.

आधी यादीबद्दल. फ्लामेंको दक्षिणेकडच्या आंदालुसियाचा. पाएया वालेन्सियाची. सालामांका पश्चिमेला, पोर्तुगालच्या सरहद्दीकडे, कास्तिया आणि लेओनमध्ये. तिथे जाऊन फ्लामेंको शिकणं म्हणजे कोल्हापुरात येऊन भांगडा शिकल्यासारखं आहे. भांगडा वाईट नाही, पण कोल्हापूर राहून जातं.

तिथलं जे स्वतःचं आहे त्याला 'चार्रो' म्हणतात. चार्रो पोशाख, चार्रो दागिने (तिथलं चांदीचं जाळीदार बटण बघ, माझ्या आजीच्या कुड्यांची आठवण झाली होती) आणि चार्रो संगीत. ते वाजवणारा माणूस एकटाच असतो आणि दोन वाद्यं वाजवतो. डाव्या हातात बासरीसारखी गायता. तिला भोकं तीनच, दोन वर आणि एक खाली अंगठ्यासाठी. त्याच डाव्या हाताला छोटा ढोल लटकवलेला असतो, त्याला म्हणतात तांबोरिल, आणि उजव्या हातात त्याची काठी. तीन भोकांत सगळे सूर कसे निघतात असं मी एका म्हाताऱ्या वादकाला विचारलं, तर त्यांनी गायता माझ्या हातात दिली आणि बोट न हलवता नुसती फुंकर वाढवायला सांगितली. सूर उडी मारून वर गेला! बोटं तीन आणि बाकीचं काम श्वासाचं. त्या पंधरा मिनिटांचे कुणी पैसे घेतले नाहीत.

आता वर्षाचं कॅलेंडर, हे लिहून ठेव.

३१ ऑक्टोबरला 'मारिकेलो'. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला मोठा भूकंप झाला तेव्हा सालामांकाही हादरलं, पण शहर वाचलं. त्याची आठवण म्हणून चार्रो पोशाखातला एक माणूस कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढतो आणि उंचावर गायता-तांबोरिल वाजवतो. खाली सगळं गाव माना वर करून उभं.

डिसेंबरच्या मध्यावर विद्यार्थ्यांचं स्वतःचं नववर्ष. ३१ डिसेंबरला मुलं आपापल्या घरी गेलेली असतात, म्हणून १९९९ पासून ही मंडळी सुट्टीआधीच्या एका गुरुवारी रात्री चौकात जमतात. स्पेनमध्ये नववर्षाच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खातात, इथे जेलीच्या बारा गोळ्या. गर्दी मरणाची असते, कडेला उभी राहा. आणि त्या गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं हे तुझ्यासाठी.

मग ईस्टरचा पवित्र सप्ताह, आणि त्यानंतर माझा सगळ्यात लाडका दिवस, 'लुनेस दे आग्वास'. ईस्टर सोमवारच्या पुढचा सोमवार. दुपारनंतर शहर ओस, कारण सगळे तोर्मेस नदीच्या काठावर गवतात सतरंज्या टाकून बसलेले. 'ओर्नाथो' नावाची भरलेली मोठी पोळी-पाव खायची. ज्याला स्थानिक मित्र आहेत तो त्या दिवशी नदीवर असतो, ज्याला नाहीत तो खोलीत. तुझ्या भीतीचा निकाल तिथे लागतो बघ.

नदीवरची_वारी | ९ जुलै

लुनेस दे आग्वासमागे गोष्ट आहे, मोकळेपणी सांगायची तर सोळाव्या शतकात ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत शहरातल्या वेश्यांना नदीपलीकडे पाठवत. उपास संपल्यावर विद्यार्थी नावा घेऊन त्यांना परत आणायला जात, आणि काठावर खाणंपिणं होई. आज आजी-नातवंडांसकट अख्खी कुटुंबं तिथे बसतात. त्या बायकांना काय वाटत असेल, हा प्रश्न मला तिथे बसूनही पडला होता.

सई_माद्रिद | १० जुलै

तोर्मेसकाठ, लेख सुंदर, पण फ्लामेंकोबद्दल असहमत.

मी माद्रिदला बारा वर्षं आहे. माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी मला फ्लामेंकोच्याच वर्गात मिळाल्या. एक गालिसियाची, एक खुद्द सालामांकाची. त्यांच्या दृष्टीने तो त्यांच्याच देशाचा नाच होता. आपण गोव्याचे नसलो तरी देखणी शिकतोच की शाळेच्या गॅदरिंगला! दोन तासांची कार्यशाळा नको, तिथे फोटो काढून सोडून देतात, इथपर्यंत मान्य. पण आठवड्यातून दोनदा, तीन महिने चालणारा वर्ग असेल आणि त्यात तिथल्या बायका येत असतील, तर तो फ्लामेंकोचा आहे म्हणून सोडू नको.

एक उच्चाराचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढे कुणीतरी 'प्लाझा' लिहिणारच. स्पेनमध्ये 'प्लाथा मायोर', म्हणजे शहरातला मुख्य चौक.

गवतीचहा | १० जुलै

मी लिहिणारच होतो प्लाझा. वाचलो. :)

तोर्मेसकाठ | १० जुलै

सई, 'तीन महिने चालणारा वर्ग' या मुद्द्यावर मी माझं म्हणणं सुधारून घेते. नाच कुठला यापेक्षा वर्गात कोण येतं ते बघायला हवं, हे पटलं.

वाटसरू | १० जुलै

सहलींबद्दल माझा अनुभव, सालामांकाचाच. मी आधीच सगळ्या सहलींचे एकरकमी पैसे भरले होते. आयोजकांचं नाव लिहीत नाही. तोलेदोला निघालो पहाटे, माद्रिदच्या बाहेरून वळसा घालून पोचायला दुपार व्हायला आली. हातात उरले साडेतीन तास, त्यातला एक तास ठरलेल्या दुकानात, जिथे तलवारी आणि सोन्याच्या तारकामाचे दागिने विकतात. एल ग्रेकोचं चित्र बघायला रांगेत उभा राहिलो आणि 'बस सुटते आहे' म्हणून मागे फिरलो. परतताना बसमध्ये मी गप्प होतो. एवढ्या लांब येऊन ते चित्र दहा पावलांवरून हुकलं याचं दुःख अजून आहे.

त्यामुळे तोलेदो स्वतः जा, एक रात्र माद्रिदला राहून. आविला तर सालामांकाहून रेल्वेने साधारण तासाभरावर आहे, त्याला सहल कशाला? तटबंदीवरून चालायला अख्खा दिवस ठेव. आणि आविलाला जाणार असशील तर आल्बा दे तोर्मेसलाही जा, सालामांकाहून अगदी जवळ. आविलाची संत तेरेसा तिथे वारली, १५८२ मध्ये, ४ ऑक्टोबरच्या रात्री. दुसऱ्या दिवशी तारीख होती १५ ऑक्टोबर! नेमकं त्याच रात्री ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं आणि मधले दहा दिवस गळाले. म्हणून तिचा दिवस १५ ला पाळतात.

कळसूबाई | १० जुलै

बाप रे, ही कॅलेंडरची गोष्ट माहीत नव्हती!

मसालेभात | ११ जुलै

शाकाहाराचं मी सांगते, कारण मी तिथे अकरा महिने काढले आणि व्यवस्थित काढले.

'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. पुष्कळांच्या लेखी हॅम आणि ट्यूना म्हणजे 'कार्ने' नव्हे. 'नि हामोन, नि आतून, नि चोरीथो' (हॅम नको, ट्यूना नको, डुकराच्या मांसाचं सॉसेज नको) असं एकेक नाव घेऊन सांगायचं. बटाट्याचं ऑम्लेट, तोर्तिया, सगळीकडे मिळतं. सालामांकाची खासियत म्हणजे 'पातातास मेनेआस', उकडलेला बटाटा ठेचून त्यात लसूण आणि धुरावलेल्या लाल मिरचीची पूड. वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, ते 'सिन तोर्रेथ्नोस' म्हणून वगळायला सांग. फोडणीचा स्निग्धपदार्थ कोणता तेही विचार, कधी कधी चरबीतच परततात.

आणि आनंदाची बातमी! शहराला लागून ला आर्मुन्या नावाचा भाग आहे, तिथली मसूर अख्ख्या स्पेनमध्ये नावाजलेली आहे. दाणा मोठा, फिकट हिरवा, सालीसकट मऊ शिजतो. हॉटेलात तिच्यात चोरीथो टाकतात, म्हणून घरी शिजव. मी गोडा मसाला आणि कोकम नेलं होतं. मी आर्मुन्याच्या मसुरीची आमटी केली की आमच्या घरमालकीणबाई झाकण उघडून वास घ्यायच्या. त्यांनी मला त्यांच्या पद्धतीची मसूर शिकवली, तमालपत्र आणि गाजर घालून, माझ्यासाठी चोरीथोविना. ओट्याजवळ अर्धा तास उभं राहून जेवढं स्पॅनिश शिकले तेवढं वर्गात दोन आठवड्यांत आलं नसतं. पाककृतीच्या वर्गाचे पैसे वाचव, घरमालकीणबाईंशी गट्टी जमव.

पोहे मात्र तिथे नाहीत. माद्रिदच्या लावापिएस भागातल्या दुकानांतून आणावे लागतात.

गवतीचहा | ११ जुलै

भूक लागली. आज मसुरीची आमटी.

सायकलस्वार_मिरज | ११ जुलै

बैलांच्या शेतावर जाऊ नको अशी माझी विनंती. त्या शेताचे पैसे शेवटी झुंजीच्याच धंद्यात जातात. आपण पोळ्याला बैलाचे पाय धुतो, खांद्याला लोणी लावतो. मी शेतकरी घरातला आहे, मला ते बघवलं नसतं.

नदीवरची_वारी | ११ जुलै

मी गेले होते. झुंजीला नाही, शेतावर. शेत म्हणजे 'देएसा', मैलोन्‌मैल पसरलेलं ओकच्या झाडांचं कुरण. काळे बैल चार-पाच वर्षं तिथे मोकळे चरतात. ते कुरण टिकलंय त्यात त्या बैलांचाही वाटा आहे, हे तिथले लोक कळकळीने सांगतात. मला झुंज पटत नाही, अजूनही नाही. पण ती बाजू त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला माझंही मत नीट मांडता आलं नसतं.

सायकलस्वार_मिरज | ११ जुलै

तुमचं म्हणणं समजलं. तरी मी नाही जाणार.

चैत्रपालवी | ११ जुलै

मीही नाही जाणार. पण देएसा बघायची इच्छा झाली, बसमधून जाताना दिसेल ना?

नदीवरची_वारी | ११ जुलै

भरपूर. सिउदाद रोद्रिगोकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बस.

कळसूबाई | १२ जुलै

जरा अवांतर. बेडकाचं काय ते कुणी सांगेल का? सालामांका म्हटलं की बेडूक ऐकलंय.

तोर्मेसकाठ | १२ जुलै

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग सोळाव्या शतकातला, दगडात इतकं बारीक कोरीव काम की लोक त्याला चांदीकामाची उपमा देतात. त्यात एका कवटीवर बेडूक बसवला आहे. जो विद्यार्थी तो कुणाच्या मदतीशिवाय शोधेल तो परीक्षेत पास, अशी समजूत. कुठे आहे ते इथे लिहू नका रे कुणी!

शोधून झाला की नव्या कॅथेड्रलच्या पुएर्ता दे रामोस या दाराशी जा. तिथे वेलबुट्टीत चक्क अंतराळवीर आहे. १९९२ च्या दुरुस्तीत त्या काळची खूण म्हणून कोरलेला. शाळेतली पोरं त्याच्याखाली उभी राहून शिक्षकांशी वाद घालताना मी ऐकलंय.

अभ्यासिका_नाशिक | १२ जुलै

मी निवृत्त प्राध्यापक, इतिहासाचा. मुली, तू तिथे चालली आहेस याचा मला मनापासून आनंद झाला. थोडं लांबेल, पण वाच.

हे विद्यापीठ १२१८ मध्ये लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने स्थापन केलं. २०१८ मध्ये आठशे वर्षं झाली. १२५४ मध्ये दहाव्या आल्फोन्सोने तिथे संगीताचं अध्यासन केलं, ग्रंथपालाचीही तरतूद केली.

तुझ्याआधी पाचशे वर्षं तिथे शिकलेला एक माणूस आपल्याकडे येऊन राहिला. गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालचा, आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंपैकी, पुढे सक्तीने ख्रिस्ती झालेले. त्याने सालामांका आणि आल्काला इथे वैद्यक शिकलं, १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथेच राहिला. इथल्या वैद्यांना आणि हकिमांना विचारून, झाडपाला हाताळून त्याने भारतातल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपाने पुस्तक लिहिलं. ते १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात आपला आंबाही आहे. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाड्याने होतं. तो १५६८ मध्ये वारला, आणि गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. गुन्हा कोणता, तर तो मनातून ज्यू राहिला.

दुसरा अब्राहम झाकुतो. सालामांकातच जन्मलेला ज्यू ज्योतिर्विद. १४९२ मध्ये देश सोडावा लागला. त्याची ग्रहताऱ्यांची कोष्टकं घेऊन वास्को द गामा १४९७ मध्ये हिंदुस्थानच्या वाटेला लागला.

तिसरा फ्राय लुइस दे लेओन. त्याचा वर्ग अजून जपला आहे, ओबडधोबड लाकडी बाकं तशीच आहेत. बायबलमधलं गीतरत्न त्याने लोकांच्या भाषेत, कास्तियनमध्ये उतरवलं, हा त्याच्यावरचा एक मोठा आरोप. १५७२ ते १५७६ तुरुंगात. सुटून आल्यावर त्याने पहिल्या तासाला 'काल आपण म्हणत होतो' असं म्हणून शिकवायला सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे एकनाथ त्याच काळातले. तिकडे आणि इकडे एकाच वेळी भाषेसाठी माणसं सोसत होती. त्या बाकावर बसू देत नाहीत, पण दारात उभी राहा. मला स्वतःला जाता आलं नाही. तू माझ्या वतीने दोन मिनिटं जास्त उभी राहा.

चैत्रपालवी | १२ जुलै

सर, नक्की उभी राहीन. गार्सिया द ओर्ताबद्दल मला काहीच माहिती नव्हतं. हे वाचून तिथे परकं वाटणार नाही असं वाटायला लागलंय.

सई_माद्रिद | १३ जुलै

सरांच्या यादीत एक जोड. जुन्या कॅथेड्रलच्या ओवऱ्यांत सांता बार्बाराचं छोटं देऊळघर आहे. तिथे पूर्वी पदवीची परीक्षा होई. आदल्या रात्री उमेदवाराला एकट्याला आत बंद करत. मधोमध बिशपची समाधी, तिच्या पुतळ्याच्या पायांना पाय टेकवून रात्रभर वाचत बसायचं. पास झाला तर मोठ्या दाराने वाजतगाजत बाहेर आणि भिंतीवर त्याच्या नावाचा 'वीतोर', म्हणजे विजयचिन्ह, लाल रंगात. नापास झाला तर मागच्या गाड्यांच्या दाराने. आजही शहराच्या सोनेरी दगडावर ते लाल वीतोर दिसतात.

पैसे न लागणाऱ्या गोष्टींत 'सालामांकाचं आकाश' आलंच पाहिजे. पंधराव्या शतकात विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या छतावर फेर्नांदो गाल्येगोने रंगवलेलं राशी-नक्षत्रांचं चित्र. निम्म्याहून जास्त नष्ट झालं. जे उरलं ते काढून दुसऱ्या दालनात लावलं आहे. आत अंधार असतो, डोळे सरावायला चार मिनिटं लागतात, आणि मग हळूहळू वृश्चिक, धनू, सिंह दिसायला लागतात. घाई करणारे अर्ध्या मिनिटात बाहेर पडतात. तू बसून राहा.

गवतीचहा | १३ जुलै

चार मिनिटांचं कळलं, कुणी सांगितलं नसतं तर मीही अर्ध्या मिनिटात बाहेर आलो असतो.

संध्याछाया_ठाणे | १४ जुलै

मी कधी स्पेनला गेले नाही. माझा मुलगा गेला होता, सालामांकालाच. आईच्या बाजूने लिहिते.

पहिले दोन महिने त्याचे फोन रोज, हसरे, रोज नवा कार्यक्रम. आज संग्रहालय, उद्या वाइन. नोव्हेंबरात थंडी पडली आणि फोन कमी झाले. तिथे आठशे मीटर उंचीवरचं पठार आहे, थंडी बोचरी. एकदा म्हणाला, "आई, मी इथे सगळं बघितलंय आणि मला ओळखणारं कुणी नाही." मी रात्रभर जागी होते.

मग त्याने भाषेची अदलाबदल करायची चिठ्ठी विद्यापीठाच्या फलकावर लावली. त्याला एकच उत्तर आलं, सत्तरीतल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचं. त्यांची नातवंडं लंडनला, त्यांच्याशी फोनवर इंग्रजीत बोलायचं होतं. दर बुधवारी पाच वाजता प्लाथा मायोरच्या घड्याळाखाली भेटायचं ठरलं. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास स्पॅनिश, चौकाला फेऱ्या मारत. पाऊस आला की कमानींखालून. कमानी अठ्ठ्याऐंशी आहेत हे मला त्यामुळे माहीत, ते दोघं मोजायचे, एकदा इंग्रजीत, एकदा स्पॅनिशमध्ये, आणि शेवटी माझ्या मुलाने त्यांना मराठीत शिकवलं. 'एक्काहत्तर'ला आजोबा दर वेळी अडखळायचे.

एका बुधवारी तो सर्दीने गेला नाही, तर आजोबांनी घरी फोन केला की आज का आला नाहीस. त्या दिवशी मला झोप लागली.

लुनेस दे आग्वासला त्यांच्या बायकोने माझ्या मुलासाठी वेगळा ओर्नाथो भाजला होता. नेहमीच्यात डुकराचं मांस, चोरीथो, हॅम. याच्यात उकडलेली अंडी आणि भाजलेली लाल मिरची. कडेला पिठाचं 'म' काढलं होतं, त्याच्या नावाचं आद्याक्षर, देवनागरीत. त्याने त्यांना फेऱ्या मारताना कागदावर काढून दाखवलं होतं. त्याचा फोटो माझ्या फ्रीजवर आहे.

बाळा, संग्रहालयं बघच. पण दर आठवड्याला कुणीतरी तुझी वाट बघेल असं एक काहीतरी लाव.

कळसूबाई | १४ जुलै

डोळ्यांत पाणी आलं, काकू.

मसालेभात | १४ जुलै

+१. आणि एक्काहत्तर मलाही सईच्या मैत्रिणींकडून ऐकायचंय.

तोर्मेसकाठ | १४ जुलै

काकूंनी नेमकं सांगितलं. चैत्रपालवी, जाताच विद्यापीठाचं गायनवृंद, नाट्यगट, लोकवाद्यांचे वर्ग कुठे लावतात ते विचार. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नावं घेतात, नंतर जागा नसते. रस्त्यात काळ्या झग्यातले, रंगीत फितींचे 'तूना', म्हणजे विद्यार्थ्यांचे गाणारे ताफे, गाताना दिसतील, ते बघायला छान, पण त्यांच्यात शिरणं सोपं नसतं. वर्गात शिरणं सोपं.

चैत्रपालवी | १५ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. यादीतलं काहीच आगाऊ घेत नाही. तिथे जाऊन लिहीन.

चैत्रपालवी | १ नोव्हेंबर

धागा वर आणतेय, सालामांकाहून!

काल मारिकेलो पाहिला. सकाळपासून कॅथेड्रलसमोर उभे होतो. मनोऱ्यावरचा माणूस बोटभर दिसत होता, पण ढोल स्पष्ट ऐकू आला, आणि आवाज वाऱ्याबरोबर सरकत होता. बाजूच्या आजींनी मला त्यांच्या जागेवर पुढे ओढलं आणि म्हणाल्या, नीट बघ, आता टोपी काढेल.

तोर्मेसकाठ, मी गायता-तांबोरिलच्या वर्गाला नाव घातलं आहे. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी. आम्ही नऊ जण, परदेशी मी एकटी. अजून दोन्ही हात एकत्र चालत नाहीत. उजवा हात ढोलावर गेला की डावा थांबतो. पण परवा चार मात्रा जमल्या, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी विचारलं तुमच्याकडे असं काही आहे का, तर मी संबळाबद्दल सांगितलं आणि टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. एक काका म्हणाले, पुढच्या वेळी हे रेकॉर्ड करून आण.

सर, फ्राय लुइसच्या वर्गाच्या दारात तुमच्या वतीने उभी राहिले. पहारेकऱ्यांनी विचारलं काही हवंय का, तर मी म्हटलं माझ्या गावच्या एका शिक्षकांसाठी उभी आहे. त्यांनी दोरीच्या आत एक पाऊल येऊ दिलं. बाकाच्या लाकडाला हात लावला नाही, पण जवळून बघितलं, त्यावर चाकूने कोरलेल्या खुणा आहेत.

बेडूक नवव्या दिवशी सापडला. मी एकटीने शोधला!

आता मदत हवी आहे. पुढच्या आठवड्यात दिवाळी, आणि मी वर्गाला फराळ आणीन म्हणून सांगून बसले आहे. भाजकी डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता आणलेला आहे. पोहे नाहीत, लावापिएसला जायला वेळ नाही. चिवडा कशाचा करू?

अभ्यासिका_नाशिक | १ नोव्हेंबर

मुली, ते एक पाऊल मला पोचलं.

मसालेभात | १ नोव्हेंबर

बिनसाखरेचे कॉर्नफ्लेक्स घे, पाकिटावर 'सिन आथुकार' वाच. ओव्हनमध्ये मंद आचेवर पाच मिनिटं गरम कर. ऑलिव्ह तेलात फोडणी नको, वास चढतो. सूर्यफुलाचं तेल तिथे स्वस्त मिळतं. शेंगदाणे आधी तळ, मग डाळ, कढीपत्ता शेवटी. हळद-मीठ फोडणीत, पिठीसाखर गॅस बंद केल्यावर. आणि लाल तिखटाऐवजी तिथली धुरावलेली मिरचीपूड घाल, मी तीच घालायचे.

संध्याछाया_ठाणे | २ नोव्हेंबर

नऊ जणांना अर्धा किलो पुरेल. पण आजींसाठी वेगळी पुडी बांध, कॅथेड्रलपाशी परत भेटतील.

चैत्रपालवी | २ नोव्हेंबर

हो काकू, बांधते. त्या रोज अकराला त्याच बाकावर असतात, विचारून ठेवलंय.